बॅटरीतल्या फॉइलबद्दल पण लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

इलेक्ट्रिक गाड्यांवर तुमच्या पेपरात हल्ली बरंच येतं, रेंज, चार्जिंग, लिथियम कुठून आणायचं, पण सेलच्या आतल्या फॉइलवर एक ओळ कधी दिसली नाही म्हणून हे पत्र.

मी चाकणला सेल टेस्टिंगच्या कामात आहे. परवा एक वापरून संपलेला पाऊच सेल (पाकिटासारखा चपटा सेल) डिस्चार्ज करून उघडला, तर कॅथोडचा, म्हणजे धन बाजूचा, काळा थर नुसता हात लावला तरी पापुद्र्यासारखा सुटत होता, आणि खालची ॲल्युमिनियमची फॉइल धुऊन ट्यूबलाइटसमोर धरली तर सुईनं टोचल्यासारखी भोकं. ही फॉइल 15 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, केसाहून कितीतरी पातळ, आणि कॅथोडचा सगळा करंट गोळा करून टॅबपर्यंत, म्हणजे सेलबाहेर येणाऱ्या धातूच्या पट्टीपर्यंत, न्यायचा तो हिनंच. इलेक्ट्रोलाइटमधल्या (सेलमधल्या द्रवातल्या) लिथियमच्या क्षारामुळे तिच्यावर फ्लोराइडचा थर बसतो म्हणून ती टिकते, तो थर फाटला की खड्डे पडतात, पकड सुटते, रेझिस्टन्स वाढतो आणि सेल तापायला लागतो.

म्हणून ॲल्युमिनियमऐवजी कार्बनची फॉइल हा विचार. 2024 मध्ये ब्रिटनच्या स्वान्सी विद्यापीठानं चिनी विद्यापीठांसोबत 17 मायक्रॉनची ग्राफीन (कार्बनचे अणूइतके पातळ पदर) फॉइल चक्क 200 मीटर लांब काढून दाखवली. उष्णता वाहण्याचा तिचा आकडा 1400 वॅट प्रति मीटर केल्विनच्या घरात, ॲल्युमिनियमचा 237, म्हणजे एका जागी साठणारी उष्णता पटकन पसरणार, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार मोलाचं आहे. (दुकानात ‘ग्राफीन बॅटरी’ म्हणून ज्या स्वस्त स्कूटर मिळतात त्यातल्या बऱ्याच लेड ॲसिडच्या असतात, तो प्रकार वेगळा, लोकांची गल्लत होते.)

पण घोडं अडतं ते टॅबपाशी. ॲल्युमिनियमला टॅब अल्ट्रासॉनिक वेल्डिंगनं (आवाजाच्या कंपनांनी सांधून) बसतो, ग्रॅफाइट फॉइलवर (ही पण कार्बनचीच) तसं करायला गेलं तर तिचे पदर सुटतात, आणि साध्या ग्रॅफाइट फॉइलमधून वीज ॲल्युमिनियमच्या मानानं शेकडो पट कमी वाहते. म्हणून माझ्या मते आज कामाची आहे ती कार्बन कोटेड ॲल्युमिनियम फॉइल, वर कार्बनचा जेमतेम एखाद मायक्रॉनचा थर, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलमध्ये ती वापरात आहेच, पकड पण चांगली राहते आणि धातू पण झाकला जातो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोरं दरवर्षी तेच चार्जर नाहीतर ॲप बनवतात. त्यांना ग्रॅफाइट फॉइलला टॅब कसा जोडायचा हा विषय द्या, फॉइलचा तुकडा आणि मिलिओहम मीटर (अगदी कमी रेझिस्टन्स मोजणारा) एवढ्यावर सुरुवात होते. विज्ञान पुरवणीत एकदा एवढं छापा, प्राध्यापक मंडळी ती वाचतात.

– एक वाचक, चाकण