आवडली का, असा प्रश्न नसतो येत

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

मुलं वाचत नाहीत, सतत मोबाईल घेऊन बसतात, ही तक्रार सगळीकडेच ऐकू येते. मला वाटतं मोबाईलवर खापर फोडायच्या आधी भाषेच्या तासाला काय चालतं ते एकदा बघायला हवं, कारण वाचायची गोडी लागते ती पण तिथे आणि मरते ती पण बऱ्याचदा तिथेच.

परवा मुलीचं पाठ्यपुस्तक हातात घेतलं, पावसात अडकलेल्या एका मुलाची कविता होती, ओळीओळीला पेन्सिलीने कंस, बाजूला कुठे 'आयएमपी', कुठे '२ मार्क', एका शब्दाखाली दोन रेघा मारून 'अलंकार, येतोच'. मी विचारलं, आवडली का गं कविता, तर ती गोंधळली आणि म्हणाली, आई, आवडली का असा प्रश्न नसतो येत, रसग्रहण येतं आणि ते लिहून दिलंय. मला फार वाईट वाटलं. रस घ्यायचा दुसऱ्याने आणि हिने तो पाठ करायचा!

लुईस रोझेनब्लॅट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७८ मध्येच हा फरक मांडलाय, एक वाचन माहिती उचलायसाठी, जसं बाटलीवरचं लेबल आपण वाचतो, आणि दुसरं वाचता वाचता आपल्या आत जे होतं त्यासाठी. आपण मुलांना कविता पण लेबलासारखी वाचायला लावतो, मग परीक्षा संपली की लेबल फेकून देतात तशी ती फेकली जाते, यात मुलांची काय चूक? पिसा नावाची शाळकरी मुलांची एक आंतरराष्ट्रीय चाचणी असते, तिच्या २००९ च्या फेरीत ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या १५ वर्षांच्या मुलांपैकी सरासरी ३७ टक्के मुलांनी सांगितलं की आवड म्हणून आम्ही अजिबातच वाचत नाही. म्हणजे सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन यायच्या आधीची ही गोष्ट आहे.

साहित्य शिकवूच नका असं माझं म्हणणं नाही, उलट शाळेत अवघड उतारे वाचून घेतले नसते तर जुन्या भाषेतलं काही मी आयुष्यात हातात धरलं नसतं. अडलं की थांबायचं, मागे जायचं, परत वाचायचं, हा धीर वर्गातच येतो आणि तो जन्मभर पुरतो. आठवीला आम्हाला एक सर होते, मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला शेवटची दहा मिनिटं एक लांबलचक गोष्ट वाचून दाखवायचे, परीक्षेला नव्हती ती, बेल झाली की अर्ध्या वाक्यात थांबायचे आणि पुस्तक टेबलावर तसंच उघडं ठेवून निघून जायचे. आम्ही डबे सोडून टेबलाभोवती, एक जण मोठ्याने वाचतोय आणि बाकीचे मान वाकडी करून पान बघतायत. मी आज वाचते ती त्या उघड्या पुस्तकामुळे.

माझी विनंती एवढीच आहे की आठवड्यातला एक तास बिनमार्कांचा ठेवा. त्यात अख्खं पुस्तक वाचू द्या, नुसता उतारा नको, पुस्तक मुलांना निवडू द्या आणि नाही आवडलं तर सोडूनही देऊ द्या. शिक्षकांनाही सिलॅबस संपवायची घाई असते हे मला कळतं, म्हणून हा तास वेळापत्रकातच हवा, एखाद्या हौशी शिक्षकाच्या भरवशावर नको.

त्या दिवशी मी खोडरबर घेऊन सगळे कंस पुसले आणि कविता तिला मोठ्याने वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, आई, तो मुलगा घरी पोचला का गं शेवटी, ते दिलंच नाहीये. मी म्हटलं, तुला काय वाटतं? जेवणं गार झाली तरी आम्ही तेच बोलत होतो.

आपली,
एक वाचक आणि आई