शाल-श्रीफळ नको म्हणालात, म्हणून हे पत्र

आदरणीय मॅडम,

पालकसभेत तुमचा सत्कार करायचं ठरलं होतं. तुम्ही निरोप धाडलात, "शाल कपाटात पडून राहते आणि नारळाच्या बर्फीला डॉक्टरांनी बंदी घातली आहे." म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नौपाड्यातल्या आमच्या क्लासचे पालक वाचतीलच; त्यांतल्या काहींनी दोनदा वाचावं अशीही माझी इच्छा आहे.

दहावीच्या बॅचमधला एक मुलगा तीव्र ताप, ताठरलेली मान आणि अंगावर जांभळे डाग अशा अवस्थेत ॲडमिट झाला. पाठोपाठ त्याच बॅचमधली एक मुलगी ताप आणि उलट्यांनी आडवी झाली. झालं! रातोरात व्हॉट्सॲपवर 'ठाण्यात मेंदूज्वराची साथ' फिरू लागलं. कुणी म्हणे एसी बंद करा, कुणी म्हणे सगळ्या पोरांना सरसकट अँटिबायोटिक द्या. एका पालकांनी तर पाण्याची टाकी उपसायला माणूस पाठवला. (टाकी साफ झाली, त्याबद्दल त्यांचेही आभार.)

तुम्ही नातवाला सोडायला येता, एवढीच आपली ओळख. परळच्या लॅबमध्ये जंतू वाढवण्यात हयात घालवलेली बाई रोज आपल्या पायरीवर उभी असते, हे मला काय ठाऊक! त्या दिवशी तुम्ही थेट आत आलात आणि विचारलंत, "पाठीतलं पाणी काढलं का? जंतू कुठला निघाला?"

मुलीच्या घरचे त्यालाच तयार नव्हते. पाठीत सुई मारली की पाय जातात, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. तुम्ही तिच्या आईशी फोनवर बोललात. मज्जारज्जू वरच संपतो आणि सुई त्याच्या खाली जाते, इतकंच, पण तीनदा, न वैतागता सांगितलंत. त्यांनी सही केली. मुलाच्या पाण्यात मेनिंगोकोकस, म्हणजे मेंदूज्वर आणणारा एक जिवाणू निघाला, मुलीच्या तपासणीत विषाणू. दोन आजार, दोन कारणं. अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळाल्या त्या फक्त मुलाच्या घरच्यांना आणि त्याच्या अगदी निकट वावरणाऱ्यांना. बाकी बॅच अभ्यासाला लागली.

पण मला जास्त आभार मानायचेत ते त्यानंतरच्या बोलण्याचे. मी सहज विचारलं होतं, "दोघांनाही हाच जंतू निघाला असता, तर साथ म्हटली असती ना?" तुम्ही म्हणालात, "तेव्हाही लगेच नाही." आणि माझी हजेरीची वही ओढून तिच्या मागच्या पानावर लिहायला घेतलंत.

हा जंतू दहातल्या साधारण एकाच्या घशात काही त्रास न देता राहतो. त्यामुळे नुसतं नाव जुळून काही सिद्ध होत नाही. त्याच्या बाहेरच्या आवरणावरून ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय असे गट पडतात, पण गटावरही फार विसंबता येत नाही, कारण हा इतर जंतूंचा डीएनए उचलतो आणि कधी कधी आवरणच बदलून टाकतो. म्हणून 1998 मध्ये मार्टिन मेडन या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी आवरण सोडून पेशीच्या रोजच्या कामाच्या जनुकांवरून वाण ओळखायची पद्धत मांडली, आणि ती पहिल्यांदा याच जंतूवर वापरली. आज त्यात सात जनुकं पाहतात. ती तुम्ही एकाखाली एक लिहिलीत: एबीसीझेड, एडीके, एरोई, फमसी, जीडीएच, पीडीएचसी, पीजीएम. प्रत्येकाच्या रूपाला एक आकडा, आणि सात आकड्यांचा मिळून एक वाण. ते पान मी फाडलेलं नाही.

मग तुम्ही 2000 सालच्या हजची हकीकत सांगितलीत. यात्रेकरूंमध्ये डब्ल्यू गटाची लागण झाली आणि परतणाऱ्यांबरोबर ती युरोपात त्यांच्या घरच्यांपर्यंत पोहोचली. पुढे काही वर्षांनी इंग्लंडमध्ये पुन्हा डब्ल्यूचे रुग्ण वाढू लागले. गट तोच, सात जनुकांवरून काढलेलं कूळही तेच, 11 क्रमांकाचं. हजचाच जंतू परत आला, असं कुणालाही वाटलं असतं. सबंध जीनोम, म्हणजे जंतूच्या डीएनएची सुमारे 22 लाख अक्षरं, ताडून पाहिल्यावर 2015 मध्ये दिसलं की ही फांदी निराळी आहे आणि तिचं नातं दक्षिण अमेरिकेतल्या वाणाशी आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये किशोरवयीन मुलांना चार गटांवरची लस द्यायला सुरुवात झाली.

इथे तुम्ही माझ्याच धंद्यातलं उदाहरण दिलंत. दोन पेपरांत बरोबर उत्तरं सारखी आली तर काही बोलता येत नाही, पण चुकासुद्धा त्याच जागी त्याच असतील तर कॉपी पकडता येते. जीनोममधले बारीक बदल असेच जुळवायचे. पंचवीसेक वर्षं पेपर तपासणाऱ्या माणसाला याहून वेगळं काय समजावणार!

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाचं ऐकून मात्र मी गप्प झालो. तिथे 2015 मध्ये सी गटाची मोठी साथ आली. आफ्रिकेत त्याआधी ए गटाचा धुमाकूळ असे. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वस्त लस 2010 पासून पोहोचली आणि तो गट जवळपास हटला. सीचा हा वाण मात्र नवाच होता. जनुकं वाचल्यावर कळलं की घशात निरुपद्रवी राहणाऱ्या एका वाणाने सीच्या आवरणाची जनुकं मिळवली होती. त्याच सीरमची ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाचही गटांवरची लस 2024 मध्ये नायजेरियाने प्रथम वापरायला घेतली. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता, मॅडम. नातू दारातून डोकावून गेला.

आणि जाता जाता मुलाच्या वडिलांना तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात. रुग्णालयाला म्हणावं, वाढवलेला जंतू फेकू नका, जपून ठेवा. पुढे कुठे दुसरा रुग्ण निघाला तर ताडायला काहीतरी हवं. आणि पोरगा बरा झाला तरी कानांची तपासणी चुकवू नका, या आजारात ऐकू येणं जाऊ शकतं. त्यांनी ती करून घेतली. दोन्ही कान ठणठणीत आहेत; मी हाक मारल्यावर तो ओ देत नाही, त्याचं कारण वेगळं आहे.

दिवाळीनंतर बारावी सायन्सच्या पोरांसमोर हेच सगळं बोलाल का? फळा-खडू माझा, बिनसाखरेचा चहा माझा. मानधनाचा विषय काढत नाही, तुम्ही पुन्हा निरोप धाडाल.

आपला नम्र,
क्लासवाले सर, नौपाडा, ठाणे