जीवाश्मांवरचा ‘मळ’ खरवडू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जीवाश्मसंग्रहाच्या छंदावर आलेला लेख मी आवडीने वाचला. मात्र ‘शिंपल्यांच्या जीवाश्मांवर चिकटलेले थर तारेच्या ब्रशने घासून किंवा सौम्य आम्लात बुडवून काढावेत, म्हणजे मूळ नक्षी उठून दिसते’ या त्यातील सल्ल्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. सोबतच्या छायाचित्रात शिंपला नव्हता, ब्रॅकिओपॉड हा शिंपल्यासारखा दिसणारा पण वेगळ्या प्राणिसंघातला समुद्री प्राणी होता, आणि त्याच्या बाबतीत हा सल्ला फार नुकसानीचा आहे.

शिंपल्याची दोन शकले (कवचाच्या झडपा) प्राण्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना असतात, तर ब्रॅकिओपॉडची पाठीच्या आणि पोटाच्या बाजूंना. ५० कोटी वर्षांहून जुन्या या प्राणिसंघाच्या आज सुमारे ४०० जाती उरल्या असून जीवाश्मरूपाने सुमारे १२ हजार जाती ज्ञात आहेत. जिथे समुद्रतळ मऊ चिखलाचा असे तिथे चिकटून राहण्याजोगी टणक जागा दुर्मिळ होती, आणि अशा ठिकाणी ब्रॅकिओपॉडचे कवच हेच इतर जिवांचे घर ठरले. ज्याला लेखात ‘थर’ म्हटले आहे, ते पुष्कळदा ब्रायोझोआ या वसाहतीने राहणाऱ्या अतिशय लहान जलचरांच्या वसाहती, नळीसारखे प्रवाळ किंवा कॉर्न्युलायटिड प्राण्यांच्या निमुळत्या नळ्या असतात. अमेरिकेत सिनसिनाटीच्या परिसरातील ऑर्डोव्हिसियन (सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकांत तर ब्रॅकिओपॉडच्या पसरट कवचांवर तारामाशांच्या दूरच्या नात्यातले एड्रिओॲस्टेरॉइड जसेच्या तसे बसलेले सापडतात.

हे पाहुणे नेमके कुठे बसले आहेत, यावरून बरेच काही कळते. दोन शकले जिथे मिळतात ती रेषा ओलांडून वसाहत पसरली असेल, तर तिथवर ती वाढली तेव्हा यजमान मेलेला होता, कारण जिवंत प्राण्याला कवच उघडावेच लागते. उलट वसाहत त्या कडेपाशी येऊन थांबली असेल, किंवा नळ्यांची तोंडे कडेकडे वळलेली असतील, तर यजमान जिवंत असण्याची शक्यता मोठी असते. त्याने पाणी आत ओढले की त्या प्रवाहातील अन्नकण पाहुण्यालाही मिळत.

चीनमधील युनान प्रांतात सापडलेल्या सुमारे ५१ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या निओबोलस या ब्रॅकिओपॉडवरील संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले, ते याच निरीक्षणावर उभे आहे. त्याच्या कवचांवरील नळ्या कडेकडे रोख धरून वाढलेल्या आहेत, आणि अशा नळ्या असलेले ब्रॅकिओपॉड नळ्या नसलेल्यांपेक्षा लहान राहिलेले दिसतात. यजमानाच्या तोंडचा घास पळवणाऱ्या परजीवीचा हा फार जुना पुरावा आहे. त्या नळ्या कुणी मळ समजून खरवडल्या असत्या, तर हाती केवळ एक नीटनेटके कवच उरले असते.

छिद्रांचेही तसेच आहे. कवचाला लंब असलेले, एकाच शकलातून आरपार गेलेले गोल, गुळगुळीत छिद्र हे बहुधा भक्षकाचे काम असते. ते पुट्टीने बुजवून नमुना ‘दुरुस्त’ करू नये. प्रॉडक्टिड या काटेरी ब्रॅकिओपॉडच्या गटातील लहान पिल्ले आपल्या काट्यांनी क्रिनॉइड या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या देठाला मिठी मारत, म्हणून कवचालगतचा देठाचा तुकडाही वेगळा करू नये.

विद्यार्थिदशेत मी स्वतः एक डेव्होनियन (सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला) नमुना तारेच्या ब्रशने चकचकीत केला होता. त्यावरची जाळी ब्रायोझोआची होती, हे नंतर दुसरा तसाच नमुना भिंगाखाली पाहताना कळले आणि फार वाईट वाटले. आम्लाचा धोका त्याहून मोठा आहे, कारण बहुतेक ब्रॅकिओपॉडची कवचे आणि त्यांवरचे ब्रायोझोआ दोन्ही कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजाचे असतात व दोन्ही विरघळतात.

म्हणून नवख्यांनी साधे पाणी, मऊ ब्रश आणि दहापट भिंग एवढ्यावरच थांबावे, आणि सफाईआधी दोन्ही शकलांची व कडेची छायाचित्रे घ्यावीत. ही सूचना आपण पुढच्या पुरवणीत ठळकपणे छापावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक