मंदिराचा स्लॅब टाकण्याआधी गरम पाण्याचं बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव-खानापूर भागात सध्या अनेक गावांत मंदिरांचे जीर्णोद्धार चालू आहेत. आमच्याकडेही कमिटीच्या बैठकीत शिखराची उंची, कळस, फरशी यांवर तासन्‌तास बोलणं होतं. पारायणाला परगावाहून येणाऱ्या वारकऱ्यांच्या आंघोळीचं काय, हे कुणी विचारत नाही. कारण ते पाणी आम्ही बायका तापवतो. माघाच्या थंडीत काकडआरतीआधी उठायचं, चुलाण पेटवायचं, ओली लाकडं फुंकत धुरात उभं राहायचं आणि उकळते हंडे दोघींनी धरून उतरवायचे. यात हातपाय भाजतात, आणि ते कुठल्याच अहवालात येत नाही.

धर्मशाळेवर सोलर हीटर बसवला तर हे थांबेल. शंभर लिटरला साधारण दोन चौरस मीटरचा पृष्ठभाग पुरतो. तापलेलं पाणी आपोआप वर चढून टाकीत जातं, मोटार लागत नाही, आणि जाड आवरणाच्या टाकीत ते पहाटेपर्यंत गरम राहतं. चांगल्या उन्हात पाणी साठ अंशांपर्यंत तापतं. विसण घातलं की तेवढ्यातच जास्त जणांची आंघोळ होते.

पण याचा विचार स्लॅब टाकण्याआधी व्हायला हवा. पूर्वाभिमुख देवळात गाभारा पश्चिमेला असतो, त्यामुळे दुपारनंतर शिखराची सावली सभामंडपावरच पडते. तिथे पॅनेल बसवून उपयोग नाही. धर्मशाळेच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून जागा राखावी, टाकीचं वजन इंजिनियरला सांगावं, नळाची पाइप भिंतीतूनच न्यावी. मागाहून फोडाफोड केली की गळती ठरलेली. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर नळ्या चोंदतात, तेही आधी तपासावं.

शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली ७३ सौर तबकड्या बसवून त्यांच्या वाफेवर स्वयंपाक सुरू झाला. तिरुमलात तर २००२ मध्येच अशी यंत्रणा आली. एवढा पसारा आपल्या गावांना झेपणारा नाही, पण आंघोळीचं पाणी नक्की झेपेल. आषाढ-श्रावणात खानापुरात ऊन दिसत नाही, तेव्हा चूल लागेलच. आमच्याकडची पारायणं मात्र थंडी-उन्हाळ्यातली.

आमचा स्लॅब दिवाळीनंतर पडायचा आहे. ज्या गावांनी देवस्थानावर असा हीटर बसवला आहे, त्यांनी खर्च किती आला, काय बिघडलं, दुरुस्तीला कोण येतं, हे आपल्या अंकातून कळवावं. ते कात्रण मी कमिटीपुढे ठेवीन.

आपली,
पारायणाच्या स्वयंपाकघरातील एक सेवेकरी, खानापूर तालुका