खानापूरच्या घाटातल्या आमरी एकदा नीट मोजा की साहेब : वनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. वनमंत्री, कर्नाटक सरकार, बेंगळुरू यांस,

साहेब, नमस्कार. कन्नड प्रत डीसी ऑफिसमार्फत वेगळी पाठवतोय, पण ज्या जंगलाबद्दल लिहितोय त्या कणकुंबी, जांबोटी, आमगाव, हेम्माडगा भागातले बरेच लोक मराठीच वाचतात म्हणून आधी हे.

मागणी एकच आहे. खानापूर तालुक्याच्या घाटात ऑर्किडच्या, म्हणजे आमरीच्या कुळाचा वर्षभर सर्व्हे करा. भीमगड अभयारण्य २०११ ला जाहीर झालं, वाघांसाठी कॅमेरे लागतात, ते चांगलंच आहे, पण झाडावरच्या नि जमिनीतल्या आमरीला कोण विचारतंय? बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाने २०१९ ला देशाची यादी काढली, त्यात १२५६ जाती आहेत आणि त्यातल्या ३८८ भारताबाहेर कुठंच नाहीत. आमच्या डोंगरात यातल्या कुठल्या आहेत, किती उरल्यात, कुठल्या ओढ्याकाठी आहेत, हे गावातल्या माणसाला साध्या भाषेत कुठं बघायला मिळतं सांगा.

आता वर्षभरच का, तर प्रत्येकीचं टायमिंग वेगळं. सीतेची वेणी ही झाडावरची आमरी मे-जूनमध्ये फुलते, तेव्हा जुन्या आंब्या-जांभळावर ते गुलाबी झुबके लांबनं दिसतात. पाऊस धरला की सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या जांभ्या कातळावर, नि गवतात हबेनारिया या जमिनीतल्या आमरीच्या जाती वर येतात, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत एकामागून एक, काहींची फुलं पांढरी नि मागं लांबलचक शेपटी, तिच्यात मध असतो आणि रात्री पतंग येऊन तो पितात. दिवाळी झाली की यांचं पानसुद्धा दिसत नाही, सगळा संसार जमिनीखाली कंदात. आणि डेंड्रोबियमची एक जात अशी की पानं सगळी झडल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, नुसत्या काड्यांवर पांढरी फुलते. म्हणजे एखाद्या प्रोजेक्टचा कन्सल्टंट मार्चमध्ये जीप घेऊन आला, चार दिवस फिरला आणि 'दुर्मिळ वनस्पती आढळल्या नाहीत' असं लिहून गेला तर तो खोटं बोलला असंही म्हणता येत नाही, मार्चमध्ये सड्यावर जांभा नि वाळकं गवत सोडून दिसणार काय त्याला! पण त्याच कागदावर परवानगी मिळते ना. रस्ता रुंदीकरण असो नाहीतर म्हादईचं पाणी वळवायचा कळसा-भांडुरा प्रकल्प, त्याबद्दल कुणाचं मत काहीही असू दे, कागद तरी चारही ऋतूंचा पाहिजे.

दुसरं म्हणजे झाडं तोडायच्या आधी तुमची माणसं जात नि घेर लिहून घेतात, त्या फॉर्ममध्ये 'झाडावरची आमरी' असा एक रकाना वाढवा, काय खर्च येतो त्याला? एकाच्या बदल्यात दहा रोपं लावली की झालं, असं इथं चालत नाही. आमरीचं बी पिठासारखं बारीक, आत अन्नाचा साठाच नाही, ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं. जुन्या सालीवर हा सगळा मेळ जमायला कैक वर्षं जातात, रोपट्यावर कुठनं येणार! निदान झाड पडायच्या आत वरच्या आमरी सोडवून पावसाच्या तोंडावर शेजारच्या झाडाला बांधता येतात, पण त्यासाठी त्या आहेत हे आधी माहीत पाहिजे.

इंग्रजांच्या वेळी कुक साहेबाने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचं पुस्तक १९०१ ते १९०८ मध्ये काढलं, त्यात आमचा भाग 'सदर्न मराठा कंट्री' म्हणून येतो. १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. डोंगर मात्र एकच आहे, अलीकडं खानापूर, वर चंदगड, खाली गोव्याचं सत्तरी. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे, तो चालू दे, पण तिन्ही राज्यांच्या वनखात्यांनी हा सर्व्हे एकत्र केला तर कुणाची इंचभर जमीन जाणार नाही. माणसं पण हाताशीच आहेत की : बेळगावात पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा बॉटनी विभाग आहे. आणि कृपा करून गवळी-धनगरांना नि गावच्या पोरांना रोजंदारीवर घ्या, नुसते 'वाटाड्या' म्हणून नको, नोंदणारे म्हणून घ्या. कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे, त्यातच हे भरा.

फक्त नेमकी जागा जाहीर करू नका. जातींची यादी सगळ्यांना, जागा खात्याकडं. नाहीतर फांदीसकट उपटून नेणारे आपल्याच यादीवरनं येतील.

आणि ऑर्डर मेच्या आधी निघाली पाहिजे साहेब. जून लागल्यावर फाईल हलली तर सीतेच्या वेणीचा हंगाम गेला म्हणून समजा, मग पुढच्या वर्षापर्यंत थांबा.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक रहिवासी