कालवं खा, पण शिजवून

महोदय,
माझ्या थोरल्या भावाला लिव्हर सिरॉसिस, म्हणजे यकृत निबर होण्याचा आजार, आहे. जेवणाला चव लागेना, रात्री पोटऱ्यांत गोळे येत. आम्ही उगाच वहिनीच्या आमटीला नावं ठेवत होतो! तपासणीत रक्तातलं झिंक, म्हणजे जस्त, कमी निघालं. ते बरंचसं अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून फिरतं आणि अल्ब्युमिन बनतं यकृतात; यकृतच आजारी, तर तेही कमी. शिवाय पोटातलं पाणी उतरवायच्या गोळ्यांमुळे लघवीवाटेही जातं. शरीरात तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचा निचरा करायलाही यकृताला जस्त लागतंच.

आपल्या खाडीतल्या कालवांत ते भरपूर असतं. मात्र अशा रुग्णांनी कालवं कच्ची किंवा अर्धवट शिजलेली खाऊ नयेत. त्यांतले व्हिब्रिओ जंतू जिवावर बेततात. झिंकच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

– एक वाचक, मालवण