आधी जोडपेटी कोरडी करा

महोदय,

क्वांटम संगणकाच्या बातमीसोबत सोनेरी क्रायोस्टॅटचा (चिप अतिथंड ठेवणाऱ्या यंत्राचा) फोटो हमखास असतो. त्याच्याबाहेर टेबलावर, चिपच्या तारा मोजणीच्या यंत्रांना जोडणारी जी जोडपेटी असते तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. रत्नागिरी-मालवणच्या हवेत घोटाळा होतो तो मात्र तिथेच.

आतल्या थंड चिपवर मोजायचे असतात ते क्वांटम डॉट. टीव्हीतले चमकणारे वेगळे. इथला डॉट म्हणजे अर्धवाहकात गेटांच्या (चिपवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या) व्होल्टेजने कोंडलेली शंभरेक नॅनोमीटरची जागा. तिची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) १०० अ‍ॅटोफॅरड धरली, तर आणखी एक इलेक्ट्रॉन आत घ्यायला सुमारे १.६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. खोलीतली उष्णताच २६ पुरवते, मग अडणार कोण? ४.२ केल्विनला (सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस) ती ०.३६ वर येते आणि इलेक्ट्रॉन एकेक करून जाऊ लागतात.

दोन डॉट शेजारी आले की स्पिनचा (इलेक्ट्रॉनच्या अंगभूत चुंबकी दिशेचा) प्रश्न येतो. पुढच्या डॉटमध्ये एक इलेक्ट्रॉन आधीच बसलेला असेल आणि येणाऱ्याचा स्पिनही तसाच असेल, तर पाउलीच्या नियमाने त्याला जागा नाही. प्रवाह एका दिशेने अडतो, उलट दिशेने वाहतो. ओनो, तारुचा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे दाखवले. तरी थोडी गळती उरतेच, कारण गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकातली अणुकेंद्रे इलेक्ट्रॉनचा स्पिन फिरवतात. ती पिकोअँपिअरच्या (अँपिअरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या) घरातली.

आता आषाढातली हवा घ्या. पेटीतल्या बोर्डावर खारट, दमट थर बसून तारांमधला रोध १० गिगाओमवर आला आणि गेटला १ व्होल्ट असला, तर १०० पिकोअँपिअर थेट मोजणीच्या तारेत! विद्यार्थी त्यालाच स्पिनची गळती समजतो. क्रायोस्टॅटची केबल पेटीपासून काढा आणि गेटच्या तारेला १ व्होल्ट द्या. तरी प्रवाह दिसला तर दोष पेटीचा. शिवाय अणुकेंद्रांमुळे होणारी गळती काही मिलीटेस्लाचे चुंबकक्षेत्र लावताच बहुधा घटते. मिठाला चुंबकाचे सोयरसुतक नाही.

बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवा, नंतर त्याला बोट लावू नका. मोजणीच्या तारेभोवती गार्ड रिंग (तारेइतक्याच व्होल्टेजला ठेवलेले धातूचे कडे) हवी, आधार टेफ्लॉनचे हवेत, पेटीत सिलिका जेल हवे. केबल टेपने बांधा; ती हलली तरी घर्षणाने प्रवाह दिसतो. खोलीची आर्द्रता मात्र ४०-५० टक्क्यांखाली नेऊ नका. फार कोरड्या हवेत अंगावर साठणारी स्थिर वीज सिलिकॉन चिपच्या गेटखालचा ऑक्साइड फोडते, म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा हवाच.

अनुदानाच्या यादीत इलेक्ट्रोमीटर (सूक्ष्म प्रवाह मोजणारे यंत्र) वर असतो आणि डिह्युमिडिफायर (हवा कोरडी करणारे यंत्र) काटछाटीत जातो. कोकणातल्या महाविद्यालयांसाठी तरी हा क्रम उलटा करावा.

– भौतिकशास्त्राचे काही शिक्षक, रत्नागिरी